‘नॉर्मल’ क्रिएटिनिनचा अर्थ : मूत्रपिंडकार्याचा अंदाज आणि औषधमात्रेचे गणित

गोषवारा : अनेक औषधांची मात्रा रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेनुसार ठरवावी लागते. ही कार्यक्षमता व्यवहारात प्रत्यक्ष मोजली जात नाही. रक्तातील क्रिएटिनिनवरून सूत्राच्या साहाय्याने तिचा अंदाज बांधला जातो. प्रस्तुत लेखात या अंदाजामागील रसायनशास्त्र, प्रचलित सूत्रांची जडणघडण आणि ती सूत्रे आपल्याकडील शरीरांना लावताना येणाऱ्या अडचणी यांचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी शिरोली औद्योगिक वसाहतीच्या परिसरात सहज आढळतील अशा व्यक्तींची कल्पित उदाहरणे घेतली आहेत.

बीजसंज्ञा : क्रिएटिनिन, गाळणदर, कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र, औषधमात्रा, स्नायुभार.

प्रास्ताविक

पुणे-बेंगळुरू महामार्गावर, पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली औद्योगिक वसाहत लागते. कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाचे हे एक प्रमुख केंद्र. येथील भट्ट्यांमधून निघालेले ओतीव सुटे भाग देशातील वाहन उद्योगाला पुरवले जातात. या परिसरात राहणाऱ्या एका कुटुंबाची कल्पना करू. नातू २८ वर्षांचा, ७० किलो वजनाचा, फाउंड्रीत मोल्डिंग विभागात काम करणारा. आजी ७४ वर्षांची, वजन ४२ किलो, उंची १४८ सेंटिमीटर. दोघांची रक्ततपासणी एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत झाली आणि दोघांच्याही अहवालात क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे आले. अहवालाच्या उजवीकडील स्तंभात छापलेल्या मर्यादेत दोन्ही आकडे बसतात. त्यामुळे घरात सर्वांचा समज असा की दोघांचीही मूत्रपिंडे ठणठणीत आहेत.

नातवाच्या मूत्रपिंडांबाबत हा समज बरोबर आहे. आजीच्या मूत्रपिंडांची क्षमता मात्र, पुढे दिलेल्या एका गणितानुसार, नातवाच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरते. आजीला उद्या न्यूमोनिया झाला आणि अहवालावरील ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबून तिला नातवाइतकीच प्रतिजैविकाची मात्रा दिली गेली, तर औषध शरीरात साचत जाईल. प्रस्तुत लेखकाचा विषय रसायनशास्त्र आहे, वैद्यक नव्हे. तथापि महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला सहकारी आपल्या आईवडिलांचे अहवाल वाचायला देतात, हा अनुभव अनेकांचा असेल. हा लेख त्या वाचनाविषयी आहे. औषधाची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम. ती कोणत्या आकड्यांवर ठरते हे समजून घेणे कोणाही सुशिक्षिताला शक्य आहे.

क्रिएटिनिन येते कोठून?

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे अंदाजे दहा लाख सूक्ष्म गुच्छ असतात आणि त्यांतून रक्तातील पाणी व लहान रेणू गाळले जातात. निरोगी तरुण माणसात हा गाळणदर मिनिटाला सुमारे १०० ते १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १५० ते १८० लिटर असतो. त्यातील जवळजवळ ९९ टक्के पाणी पुन्हा शोषले जाते आणि दीड-दोन लिटर मूत्र उरते. मूत्रपिंडाची कार्यक्षमता म्हणतात ती मुख्यतः या गाळणदराची. तो अचूक मोजायचा तर शरीरात बाहेरून असा पदार्थ सोडावा लागतो जो केवळ गाळला जातो, शोषला जात नाही आणि स्रवतही नाही. डेलियाच्या कंदात किंवा चिकोरीच्या मुळात सापडणारे इन्युलिन हे त्याचे अभिजात उदाहरण. परंतु शिरेतून इन्युलिन देऊन तासन्‌तास नमुने घेणे रोजच्या व्यवहारात शक्य नाही. म्हणून शरीरात आपोआप तयार होणाऱ्या एका पदार्थाचा आधार घेतला गेला. तो पदार्थ म्हणजे क्रिएटिनिन.

स्नायूंमध्ये ऊर्जेचा साठा म्हणून क्रिएटिन असते. दररोज त्यातील दोन टक्क्यांच्या आसपास भाग आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, रक्तात येतो आणि मूत्रावाटे बाहेर जातो. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की रक्तातील क्रिएटिनिनची पातळी ही नळ आणि मोरी असलेल्या हौदातील पाण्यासारखी आहे. ती नळावर, म्हणजे स्नायूंवर, तितकीच अवलंबून असते जितकी मोरीवर, म्हणजे मूत्रपिंडांवर. नळ बारीक असेल तर मोरी निम्मी तुंबली तरी हौद ओसंडत नाही. आजीच्या बाबतीत नेमके हेच घडते. दुसरी गोष्ट, पातळी आणि गाळणदर यांचे नाते व्यस्त आहे. एखाद्याचे क्रिएटिनिन ०.६ वरून १.२ झाले तर त्याचा गाळणदर साधारणपणे निम्म्यावर आलेला असतो, आणि तरीही अहवालात दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च्या चौकटीत किंवा तिच्या कडेवर दिसतात. ६ वरून १२ झाल्यावर सर्वांचे धाबे दणाणते. पण तोवर गमावण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

मोजण्याच्या पद्धतीतही एक गुंता आहे. माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवून दिले की क्षारीय द्रावणात पिक्रिक आम्लाबरोबर क्रिएटिनिन नारिंगी-लाल रंग देते. शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी असंख्य प्रयोगशाळा याच रंगावर चालतात. दोष हा की हा रंग एकट्या क्रिएटिनिनचा नसतो. ग्लुकोज, कीटोन द्रव्ये, प्रथिने आणि काही प्रतिजैविके हीदेखील त्यात भर घालतात. विकरांवर आधारित पद्धती अधिक नेमकी आहे. २००० नंतरच्या दशकात प्रयोगशाळांची मोजमापे समस्थानिक-विरलन वस्तुमान वर्णपटमितीच्या संदर्भमूल्यांशी जुळवून घेण्याची मोहीम जगभर राबवली गेली आणि त्यामुळे त्याच रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा पूर्वीपेक्षा थोडा कमी येऊ लागला. ही बाब वरवर किरकोळ वाटते. पुढील सूत्राच्या संदर्भात ती किरकोळ राहत नाही.

सूत्रांची जडणघडण

१९७६ मध्ये कॅनडातील डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी ‘नेफ्रॉन’ या नियतकालिकात एक सूत्र प्रसिद्ध केले. १४० मधून वय वजा करावे, आलेल्या संख्येला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या गुणाकाराने भागावे. उत्तर मिनिटाला मिलिलिटरमध्ये मिळते. स्त्रियांसाठी त्याला पुन्हा ०.८५ ने गुणावे. नातवासाठी हे गणित (१४० − २८) × ७० ÷ (७२ × १.१), म्हणजे सुमारे ९९ येते. आजीसाठी (१४० − ७४) × ४२ ÷ (७२ × १.१) × ०.८५, म्हणजे जेमतेम ३०.

हे सूत्र २४९ रुग्णांच्या माहितीवर बेतलेले होते आणि ते सर्व पुरुष होते. स्त्रियांसाठीचा ०.८५ हा गुणक स्त्रियांवरील मोजणीतून आलेला नाही. स्त्रियांत स्नायूंचे प्रमाण कमी असते, या विचाराने तो सुचवला गेला. जगभरातील कोट्यवधी स्त्रियांची औषधमात्रा अर्धशतक या अदमासावर ठरत आली, ही गोष्ट विज्ञानाच्या समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी अशी आहे. शिवाय हे सूत्र जुन्या पद्धतीने मोजलेल्या क्रिएटिनिनवर आधारलेले आहे. आजचा, प्रमाणित केलेला, थोडा कमी येणारा आकडा त्यात घातला की उत्तर थोडे फुगते. इतके असूनही हे सूत्र टिकून आहे, याचे कारण असे की त्यानंतरच्या काही दशकांत बाजारात आलेल्या बहुसंख्य औषधांच्या मात्रा याच सूत्राच्या मोजपट्टीवर अभ्यासल्या गेल्या. औषधाच्या माहितीपत्रकात ‘क्रिएटिनिन निष्कासन ५० पेक्षा कमी असल्यास’ असे लिहिलेले असते तेव्हा ते ५० बहुधा या पट्टीवरचे असतात.

१९९९ मध्ये अमेरिकेत १६२८ मूत्रपिंडरुग्णांच्या माहितीवरून ‘एमडीआरडी’ हे सूत्र तयार झाले आणि २००९ मध्ये त्याची जागा ‘सीकेडी-ईपीआय’ या अधिक व्यापक सूत्राने घेतली. या दोन्हींत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. २००९ च्या सूत्रात तो १.१५९ होता. वंश ही जैविक राशी आहे काय, असा प्रश्न पुढे अमेरिकेत उपस्थित झाला आणि २०२१ मध्ये तो गुणक काढून टाकलेले नवे सूत्र आले. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर ‘ईजीएफआर’ म्हणून जो आकडा छापला जातो तो या घराण्यातील एखाद्या सूत्राचा असतो.

२०२१ च्या सूत्राने आजीचा गाळणदर काढला तर तो ५३ येतो. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने ३० आणि याने ५३! एवढी तफावत का पडावी? एक मोठे कारण असे की नवे सूत्र वजन विचारतच नाही. त्याचे उत्तर १.७३ चौरस मीटर इतके पृष्ठफळ असलेल्या एका प्रमाण शरीरासाठी असते. आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवताना ते योग्यच आहे, कारण तेथे माणसामाणसांत तुलना करायची असते. औषध मात्र प्रमाण शरीरातून नव्हे, तर समोरच्या माणसाच्या प्रत्यक्ष मूत्रपिंडांतून बाहेर पडायचे असते. आजीच्या शरीराचे पृष्ठफळ सुमारे १.३१ चौरस मीटर. ५३ ला १.३१ ने गुणून १.७३ ने भागले की ४० उरतात. ही एक ओळीची दुरुस्ती अहवालावर छापलेली नसते, ती वाचणाऱ्यालाच करावी लागते.

आता लेव्होफ्लॉक्सॅसिन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाचे उदाहरण घेऊ. त्याची ७५० मिलिग्रॅमची मात्रा निष्कासन ५० किंवा अधिक असल्यास दर २४ तासांनी, तर २० ते ४९ असल्यास दर ४८ तासांनी द्यावयाची असते. अहवालावरील ५३ पाहणारा डॉक्टर आजीला रोज गोळी देईल, ४० किंवा ३० पाहणारा दिवसाआड देईल. एकाच रक्ताच्या थेंबातून निघालेल्या दोन आकड्यांनी मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. वृद्धांमध्ये या औषधाच्या अतिरेकाने स्नायुबंध दुखावणे, भ्रम होणे, मधुमेह्यांची साखर खाली-वर होणे असे प्रकार घडतात आणि ते बहुधा ‘वयोमानानुसार’ या सदरात जमा होतात.

पुण्याचा एक आकडा आणि कोल्हापूरची तालीम

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक लहानसा, मिस्कील लेख प्रसिद्ध झाला होता. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन हे त्याचे लेखक, आणि त्यांचाच त्यात फोटो. दोघांचा शरीरभार निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. आपल्याकडील बारीक दिसणाऱ्या शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात, हे सूत्र याज्ञिक यांनी मधुमेहाच्या संदर्भात मांडले. क्रिएटिनिनच्या संदर्भात त्याचा अर्थ थेट आहे : स्नायू कमी म्हणजे नळ बारीक, नळ बारीक म्हणजे क्रिएटिनिन कमी, आणि परदेशी शरीरांवर बेतलेल्या सूत्राला ते कमी क्रिएटिनिन उत्तम मूत्रपिंडाचे लक्षण वाटते. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता की क्रिएटिनिनवर आधारित प्रचलित सूत्रे भारतीयांचा गाळणदर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात.

याच्या नेमके उलट उदाहरण कोल्हापूरकरांना शोधावे लागत नाही. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत मेहनत करणारा २६ वर्षांचा, ९५ किलोचा, १७८ सेंटिमीटर उंचीचा एखादा मल्ल घ्या. त्याचे क्रिएटिनिन १.५ आले तर अहवालात त्या आकड्यापुढे ठळक खूण छापली जाईल. २०२१ च्या सूत्राने त्याचा गाळणदर ६५ येतो, त्याच्या पृष्ठफळानुसार दुरुस्ती केली की ८२, आणि कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने १००. मूत्रपिंडे बहुधा धडधाकट आहेत. नळच मोठा आहे. त्यातून आदल्या रात्री मटणाचा बेत झाला असेल तर आणखी भर पडते, कारण मांस शिजताना त्यातील क्रिएटिनचे क्रिएटिनिन होते आणि ते थेट रक्तात येते. तांबड्या रश्श्याने मूत्रपिंड बिघडत नाही, पण दुसऱ्या दिवशीचा अहवाल बिघडू शकतो! क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या तरुणांनाही हेच लागू आहे.

मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या इतिहासात या दोन्ही चुका एकत्र सापडतात. अमेरिकेत पूर्वी नियम असा होता की क्रिएटिनिन पुरुषांत १.५ आणि स्त्रियांत १.४ किंवा त्याहून अधिक असल्यास हे औषध देऊ नये. या नियमाने आपल्या मल्लाला औषध नाकारले असते आणि आजीला निर्धास्तपणे दिले असते. २०१६ मध्ये तेथील औषध प्रशासनाने ही अट बदलून अंदाजित गाळणदराची केली : ३० च्या खाली देऊ नये, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करू नये.

मात्रा किती कमी करावी?

सर्वच औषधांना ही काटछाट लागत नाही. औषधाचा किती हिस्सा न बदलता मूत्रावाटे जातो यावर ते अवलंबून असते. हा हिस्सा ‘ह’ आणि मूत्रपिंडाची उरलेली क्षमता ‘क्ष’ मानली (दोन्ही ० ते १ मध्ये), तर नेहमीच्या मात्रेचा १ − ह × (१ − क्ष) इतका भाग पुरेसा होतो. आजीची क्ष ०.३ धरू. ज्या औषधाचा ९० टक्के भाग मूत्रपिंडावाटे जातो त्याची मात्रा १ − ०.९ × ०.७, म्हणजे ०.३७ पट हवी. ज्याचा केवळ २० टक्के भाग तसा जातो त्याची ०.८६ पट, म्हणजे व्यवहारात बदलच नको. पहिल्या गटात जेंटामायसिन, अमिकासिन, गाबापेंटिन, प्रीगाबालिन, लिथियम अशी नावे येतात. जेंटामायसिन निरोगी माणसात दोन-तीन तासांत निम्मे होते, मूत्रपिंडे बंद पडलेल्या माणसात त्यालाच चाळीस तासांहून अधिक लागू शकतात; साचलेले औषध मग कानाच्या आतील पेशींवर घाव घालते आणि गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. एक खुलासा येथे आवश्यक आहे. ही काटछाट पुढील मात्रांना लागू होते, पहिल्या मात्रेला सहसा नाही. पहिली मात्रा रिकामे भांडे भरण्यासाठी असते आणि भांड्याचा आकार मूत्रपिंडावर ठरत नाही.

क्षयरोगाच्या उपचारात हा प्रश्न वेगळ्याच रूपात येतो. ओतकामातील सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस झालेल्या कामगारांना क्षयाचा धोका वाढतो, म्हणून शिरोलीसारख्या ठिकाणी त्याचा विचार अटळ आहे. पहिल्या टप्प्यातील चार औषधांपैकी आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन यांचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो. एथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड यांच्या बाबतीत मात्र मूत्रपिंडाचा संबंध येतो आणि निष्कासन ३० च्या खाली असल्यास ही दोन औषधे रोज न देता आठवड्यातून तीनदा द्यावीत असा प्रघात आहे. एथॅम्ब्युटॉल साचले तर दृष्टिचेतातंतू धोक्यात येतो. परंतु राष्ट्रीय कार्यक्रमात चारही औषधे एकाच गोळीत, वजनगटानुसार दिली जातात. गोळी मोडून त्यातील दोनच औषधे कमी करता येत नाहीत. अशा रुग्णाला सुटी औषधे द्यावी लागतात, आणि ती गरज आहे हे कळण्यासाठी उपचाराच्या आरंभी कोणीतरी ते एका ओळीचे गणित करावे लागते.

भट्टीजवळ सूत्र का चुकते

वरील सर्व सूत्रांचे एक गृहीतक आहे : हौदातील पातळी स्थिर असावी. मूत्रपिंडे आज सकाळी अचानक बंद पडली तर गाळणदर लगेच शून्य होतो, पण क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ मिलिग्रॅमनेच चढते. त्या संध्याकाळचा अहवाल जवळजवळ निर्दोष दिसतो आणि सूत्र आज्ञाधारकपणे चांगले उत्तर देते.

भट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही अडचण निव्वळ पुस्तकी राहत नाही. घामावाटे पाणी व क्षार जातात, रक्ताचे आकारमान घटते. अशा वेळी मूत्रपिंडाकडे रक्त आणणारी सूक्ष्म रोहिणी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांच्या जोरावर रुंद राहते आणि गाळणदर सांभाळला जातो. पाठ दुखते म्हणून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी नेमकी हीच द्रव्ये रोखते. त्यातच कामगार रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ वर्गातील गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर गाळण्याला दाब देणारी तिन्ही आधारस्थाने एकदम ढासळतात. प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे योग्य, तिन्ही मिळून उन्हाळ्यात घातक. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला काय करू शकते याचा सर्वांत करुण पुरावा भारतीय उपखंडातील गिधाडांनी दिला. हे औषध टोचलेल्या गुरांची प्रेते खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण वेदनाशामक गोळी ही निरुपद्रवी खाऊ नाही एवढे त्यावरून कळावे.

अशा अस्थिर अवस्थेत एका आकड्यावर विसंबता येत नाही. कालच्या आणि आजच्या क्रिएटिनिनमधील फरक, चोवीस तासांतील लघवीचे प्रमाण, आणि शक्य तेथे औषधाची रक्तातील पातळी पाहावी लागते.

स्थिर प्रकृतीच्या पण स्नायू फार कमी किंवा फार जास्त असलेल्या माणसासाठी सिस्टॅटिन-सी हा दुसरा मार्ग आहे. हे लहानसे प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे त्याचा स्नायूंशी संबंध नगण्य असतो. अवटू ग्रंथीचे विकार, स्टेरॉइडची औषधे आणि शरीरातील दाह यांनी त्याचेही मूल्य बदलते. म्हणून ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत, अचूकतेची गरज असेल तेथे क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन-सी या दोहोंवर आधारित सूत्राची शिफारस केली आहे. ही तपासणी क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग आहे. ती प्रत्येकाला लागत नाही. आजीला लागू शकेल, मल्लाला तर नक्कीच.

आणि आजीचे तीन आकडे, ३०, ४० आणि ५३, यांतील कोणता घ्यावा? याचे एकच उत्तर नाही, औषध पाहून उत्तर बदलते. कानावर, डोळ्यावर किंवा रक्तस्रावावर उठणारे औषध असेल, उदाहरणार्थ अमिकासिन किंवा एनॉक्सापॅरिन, तर खालचा आकडा धरून सावधपणे चालावे आणि पातळी मोजता येत असेल तर मोजावी. पेनिसिलिन वर्गातील एखादे, थोडे अधिक झाले तरी फारसे न बिघडवणारे प्रतिजैविक असेल आणि संसर्ग जिवावरचा असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांत कात्री लावण्याची घाई करू नये. त्या दिवसांत कमी पडलेल्या मात्रेने होणारे नुकसान अधिक असते, आणि सलाईन मिळाल्यावर मूत्रपिंडे पुष्कळदा सावरतात. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन पुन्हा पाहावे आणि गणित पुन्हा मांडावे. त्यासाठी केसपेपरवर वयाच्या शेजारी वजन लिहिलेले असावे लागते.